टीव्हीचा आरसा काऊन बनत नाई?

प्रश्न : भाऊ, माझं दारव्हा तालुक्यात साड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत आरशापुढं लय गर्दी होते म्हणून 43 इंची टीव्ही उभा टांगला, वर वेबकॅम लावला, पोरानं लॅपटॉपवर चित्र डावं-उजवं उलटं करून देल्लं. तरी बायका म्हणतात हा आरसा नाई, सीसीटीव्ही वाटते. जवळ आलं की तोंड हे एवढं मोठं दिसते, आन् हात हलवला की टीव्हीतला हात मागून हलते. महागाचं काही न घेता जमन का?

उत्तर : बऱ्यापैकी जमते. पण नुसतं उलटं केल्यानं आरसा होत नाही, तिथंच सगळे थांबतात. आज घरच्या आरशापुढं उभे राहा आणि काचेवर साबणाच्या तुकड्यानं आपल्या चेहऱ्याची कड आखा, मग पट्टीनं मोजा. चेहऱ्याच्या बरोबर निम्मं निघते. दोन पावलं मागं जाऊन पुन्हा आखलं तरी तेवढंच, कारण तुम्ही काचेपुढं जितके फूट, प्रतिमा काचेमागं तितकेच फूट, काच नेहमी मधोमध. कॅमेऱ्याचं तसं नाही, त्याच्या जवळ गेलं की चेहरा फुगतो. म्हणून पोराले सांगा, चेहरा शोधणारं फुकट सॉफ्टवेअर लाव (मीडियापाइप चालते) आणि चित्र असं लहानमोठं कर की टीव्हीवर चेहरा कायम निम्म्या मापाचाच राहिला पाहिजे. एवढ्या एका गोष्टीनंच सीसीटीव्हीपणा अर्धा जाते.

टीव्हीचं माप मात्र तुमचं मस्त जमलं. 5 फूट 2 इंचाच्या बाईले अख्खं दिसायला 2 फूट 7 इंच उंचीचा आरसा पुरते, तुमचा उभा टीव्ही 3 फुटांच्या वर आहे. फक्त खालची कड जमिनीपासून सव्वादोन फुटांवर घ्या, वर टांगला तर साडीचा काठ दिसणार नाही आणि काठासाठीच तर ती उभी आहे! कॅमेराही उभा वळवा, नाहीतर निम्म्याहून जास्त पिक्सेल बाजूच्या रॅकवर वाया जातात.

आता खरी गोम. बाई टीव्हीपुढं 5 फुटांवर असेल तर आरशातलं दृश्य म्हणजे टीव्हीच्या मागं 5 फुटांवर, भिंतीच्या आत, कॅमेरा ठेवून त्या चौकटीतून जे दिसेल ते. तिथं कॅमेरा ठेवता येत नाही, म्हणून टीव्हीच्या दोन कडांना दोन साधे कॅमेरे लावायचे आणि त्यांनी जे पाहिलं त्यातून ते दृश्य रचायचं. लोक इथं अख्ख्या दुकानाचं थ्रीडी मॉडेल बनवायला बसतात आणि लॅपटॉप तापून बंद पडते. काही गरज नाही बुवा. मागची भिंत सपाट आहे ना, मग तिचे 4 कोपरे कॅमेऱ्यात कुठं आणि टीव्हीवर कुठं पाहिजे एवढं कळलं की 3 बाय 3 च्या एका मॅट्रिक्सनं (म्हणजे नऊ आकड्यांचा तक्ता) अख्खी भिंत जागेवर बसते. बाईसाठी दुसरा थर, तोही सपाटच धरा. तिचं अंतर डोळ्यांवरून काढता येते, मोठ्या माणसाच्या दोन बुबुळांत सरासरी 6.3 सेंमी अंतर असते, म्हणजे ते चित्रात जितकं लहान तितकी बाई लांब. 1920 गुणिले 1080 म्हणजे 20 लाख 73 हजार 600 पिक्सेल, प्रत्येकाचा हिशोब प्रोसेसरवर करू नका, कोपऱ्यांचा करा आणि मधलं ओढणं-ताणणं ग्राफिक्स चिपवर सोडा, तिचं कामच ते आहे. डावं-उजवं उलटंही तिथंच होते, वेगळी कॉपी करायची नाही. बाई खांद्यावरून वळली तर सपाट थर थोडा कच्चा दिसतो, मले वाटते साडीच्या दुकानाले तेवढं चालते.

हात मागून हलते त्याचं कारण बहुतेक वेगळंच. 1080 चं एक कच्चं चित्र 62 लाख बाइटचं, सेकंदाले 30 म्हणजे साडेअठरा कोटींच्या वर, आणि यूएसबी 2.0 ची वायर कागदावरच 6 कोटी नेते. म्हणून कॅमेरा एमजेपीजीवर ठेवा, म्हणजे तो प्रत्येक चित्र दाबून लहान करून पाठवते. सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फ्रेमची (म्हणजे एकेका चित्राची) रांग ठेवू नका, आली ती नवीन दाखवा, बाकीच्या फेका. टीव्हीचा गेम मोड चालू करा, त्यात टीव्ही चित्र कमी उशिरानं दाखवते. आणि उजेड! लाइट गेली, इनव्हर्टरवर एकच ट्यूब राहिली की कॅमेरा आपोआप शटर जास्त वेळ उघडं ठेवते, फ्रेम कमी होतात, पुन्हा तेच मागून हलणं.

एक सांगून ठेवतो, हा आरसा एका टायमाले एकीसाठीच खरा. बाजूले उभ्या सासूबाईले तो तिरपाच दिसणार, कारण खरा आरसा प्रत्येकाले वेगळं दाखवतो आणि टीव्ही सगळ्यांले एकच. नुसतं समोरून पाहायचं असेल तर अजून एक काचेचा आरसा घ्या, स्वस्त पडते. टीव्हीचे पैसे वसूल होतात ते मागून पदर दाखवण्यात. तिसरा कॅमेरा मागं लावा, बाईले मान न वळवता पाठ दिसली पाहिजे.

प्रश्न : कापसाच्या ट्रॉलीमागं कॅमेरा लावला, पण रिव्हर्स घेताना डावं ते उजवं दिसते. कॅमेरा खराब निघाला का?

उत्तर : नाही, तो समोर लावायच्या सेटिंगवर आहे. मागचा कॅमेरा आरशासारखाच उलटा दाखवायला पाहिजे. स्क्रीनच्या मेनूत मिरर असते, नसेल तर बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यासाठी कापायची छोटी वायर देलेली असते, पुस्तिकेत पाहूनच कापा. बाजूचे आरसे मात्र काढू नका. 2018 मध्ये जपानात लेक्सस ईएस गाडी आरशांऐवजी कॅमेरे घेऊन आली हे खरं, पण ती डांबरी रस्त्यावरची गोष्ट. पांदणीतला चिखल लेन्सवर बसला की स्क्रीनवर नुसता चिखलच दिसते.