बाळाच्या क्रिबचे मऊ बंपर नेमके कधी काढावेत?

तुम्ही लिहिलंय की बाळ पाच महिन्यांचं आहे आणि नुकतंच पालथं पडायला लागलंय. त्याच्या क्रिबला, म्हणजे गजांच्या छोट्या पलंगाला, आतून बंपर, म्हणजे गजांना बांधायच्या मऊ भरणाच्या पट्ट्या, लावलेले आहेत. एक जण म्हणतो, ‘वळायला लागलं की बंपर काढा.’ दुसरा म्हणतो, ‘उभं राहीपर्यंत राहू द्या, नाहीतर गजांवर डोकं आपटून घेईल.’ यातलं कुणाचं ऐकायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

माझ्या मते कुणाचंच नाही. आज रात्री झोपवायच्या आधी काढून टाका. बाळ पाच महिन्यांऐवजी पाच दिवसांचं किंवा दहा महिन्यांचं असतं, तरी मी हेच सांगितलं असतं.

मी डॉक्टर नाही, दोन मुलांची आई आहे. धाकट्याच्या वेळी याच बंपरवरून घरात बरीच वादावादी झाली, म्हणून जे मिळेल ते वाचून काढलं. तेव्हा एक लक्षात आलं. ‘कधी काढायचे’ असं विचारताना आपण गृहीत धरतो की अमुक महिन्यांपर्यंत बंपर चांगले असतात आणि मग ते धोक्याचे होतात. तसं काही नाही. धोक्याचा प्रकार बदलतो, पण बिनधोक असा काळ मधे कुठेच येत नाही.

अगदी तान्हं बाळ घ्या. ते वळत नाही, म्हणून जागचं हलत नाही असं आपल्याला वाटतं. पण तुम्हीही पाहिलं असेल, रात्री मधोमध ठेवलेलं बाळ सकाळी एका कोपऱ्यात तिरकं सापडतं. टाचा रोवून, अंग घुसळत ते सरकत जातं. आता बंपर बांधलेला असताना त्याच्या खालच्या कडेवर हाताने जरा दाबून बघा. मऊ भाग आत जातो आणि गादी व बंपर यांच्यामध्ये एक खोबण तयार होते. सरकत आलेल्या बाळाचं तोंड नेमकं तिथे रुततं. नाक पूर्ण दाबलं गेलं नाही तरी सोडलेला श्वास तिथेच कोंडून राहतो, बाळ तीच हवा पुन्हा पुन्हा आत घेतं आणि ऑक्सिजन कमी होत जातो. मोठं मूल झोपेतही मान फिरवून मोकळं होतं. तान्ह्याला ते जमेलच याचा भरवसा नाही. सिड्स, म्हणजे वरवर निरोगी बाळाचा झोपेत अचानक होणारा मृत्यू, याचं प्रमाणही पहिल्या ते चौथ्या महिन्यात सर्वाधिक असतं आणि बहुतेक घटना सहा महिन्यांच्या आतच घडतात. म्हणजे ‘अजून वळत नाही, राहू द्या’ असं आपण म्हणतो, तेच महिने सर्वांत नाजूक.

त्यानंतरचा टप्पा तुमच्या बाळाचा. पालथं पडता येतं, पण परत उताणं होता येतंच असं नाही. बंपरकडे तोंड करून पालथं पडलं, तर मागे फिरायची कला अजून यायची असते.

आणि आठव्या-नवव्या महिन्यात गज धरून उभं राहायला लागलं की तोच बंपर पायरी होतो. त्यावर पाय देऊन मूल कठड्यावर ओणवं होतं आणि डोक्यावर खाली येतं. बंपरच्या बांधायच्या नाड्या या वयात सुटतात, तोंडात जातात, क्वचित गळ्याभोवतीही अडकतात. त्यामुळे ‘उभं राहीपर्यंत ठेवा’ म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावंसं वाटतं की ते पहिल्यांदा उभं राहील तेव्हा तुम्ही शेजारी असाल का? मुलं पहिल्यांदा उभी राहतात ती बहुधा दुपारी, आपण दुसऱ्या खोलीत असताना.

ही नुसती भीती नाही. अमेरिकेत 2007 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 1985 ते 2005 या काळातले बंपरशी संबंधित 27 मृत्यू नोंदवले होते. पुढे 2012पर्यंतची प्रकरणं तपासली, तेव्हा हा आकडा 48 झाला. इतक्या वर्षांत एवढेच, असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं असं की ज्या वस्तूचा फायदा फार तर एखादं टेंगूळ टळण्याइतकाच आहे, तिच्यासाठी हा धोका का घ्यायचा? अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 सालीच बंपर वापरू नका असं सांगितलं. 2022 साली तिथे कायदाच झाला आणि त्या वर्षीच्या 12 नोव्हेंबरपासून मऊ बंपर बनवणं आणि विकणं दोन्ही बंद झालं.

मग ही वस्तू आली तरी कुठून? घरातली मोठी माणसं ‘आम्ही तर बांधायचो’ म्हणतात ते खोटं नाही. जुन्या क्रिबच्या गजांमध्ये अंतर जास्त असायचं. बाळाचे पाय आणि धड त्यातून बाहेर सरकायचं आणि डोकं अडकायचं. त्यावर उपाय म्हणून बंपर आले. अमेरिकेत 1973 साली नियम झाला की दोन गजांमधलं अंतर 2⅜ इंचांपेक्षा, म्हणजे साधारण 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. युरोपातल्या मानकातही कमाल मर्यादा साडेसहा सेंटिमीटर आहे. एवढ्या फटीतून बाळाचं धड जातच नाही. बंपरचं मूळ काम तिथेच संपलं, पुढे तो निव्वळ सजावट म्हणून टिकला. चादरीच्या सेटमध्ये जुळणारा बंपर फोटोत फार गोड दिसतो, हे मात्र मान्य.

तुमची क्रिब जुनी असेल किंवा कुणाकडून आलेली असेल, तर टेप घेऊन फट मोजा. टेप नसेल तर शीतपेयाचा नेहमीच्या जाडीचा कॅन दोन गजांमधून घालून बघा. तो आरपार गेला तर फट जास्त आहे. (हल्ली मिळतात ते उंच, बारीक कॅन या कामाचे नाहीत, ते चांगल्या क्रिबमधूनही जातात.) फट जास्त निघाली तर बंपर बांधून ती झाकू नका, ती क्रिबच वापरू नका.

आता आपटण्याचं. बाळ झोपेत कूस बदलताना गजावर डोकं लागतं, ते दचकतं, कधी रडतं. पण एवढ्याशा जोराने गंभीर इजा होत नाही. आठ-नऊ महिन्यांची काही मुलं तर झोप लागण्यापूर्वी मुद्दाम तालात डोकं आपटतात. बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो, पण ही सवय बऱ्याच निरोगी मुलांत असते आणि मोठी होता होता जाते. जागेपणीही सतत आपटत असेल, खूण उठेपर्यंत आपटत असेल किंवा वाढीबद्दल दुसरी काही शंका असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

हातपाय अडकण्याचा त्रास मात्र खरा आहे, तो मी नाकारत नाही. रात्री अडीचला बाळ किंचाळतं, जाऊन पाहावं तर एक पाय मांडीपर्यंत गजांबाहेर आणि बाळ उलट्या बाजूला पिळवटलेलं. अशा वेळी पाय ओढायचा नाही. आधी बाळाचं अंग पायाच्या दिशेला वळवून सरळ करायचं, त्याला शांत होऊ द्यायचं, मग गुडघा हलकेच धरून पाय ज्या वाटेने गेला त्याच वाटेने आत घ्यायचा. सहसा निघतो. स्लीपिंग बॅग, म्हणजे अंगात घालायचं बिनहाताचं पांघरूण, वापरलं तर पाय बाहेर जाण्याचे प्रकारच कमी होतात. ते गळ्याशी आणि बाह्यांशी नीट मापाचं हवं, डोकं आत जाईल इतकं सैल नको. अंगाभोवती कापडात घट्ट गुंडाळून झोपवत असाल, तर तुमच्या बाळाच्या टप्प्यावर तेही थांबवायचं.

जाळीच्या बंपरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. अमेरिकेच्या कायद्यातून पातळ, मऊ भरण नसलेली जाळी वगळली आहे. तरीही बालरोगतज्ज्ञांची ती संघटना जाळीलाही हो म्हणत नाही, कारण सैल झाली की तीही बाळाभोवती गुरफटू शकते. मीही लावली नव्हती. बंपरच्या जागी टॉवेलच्या गुंडाळ्या, उशा किंवा लोड ठेवणं म्हणजे तोच धोका परत आणणं. बाळ पाठीवर, गादी घट्ट, तिच्यावर ताणून बसणारी चादर, बाकी क्रिब मोकळी. उघडीबोडकी दिसते, दिसू दे.

बंपर सोडलात की लगेच आणखी दोन गोष्टी पाहून घ्या, कारण इतके दिवस त्या झाकलेल्या होत्या. प्रत्येक गज हाताने हलवून बघा, एखादा सैल किंवा तडकलेला असतो. आणि गादी व कठडा यांच्यामध्ये तुमची दोन बोटं सहज जातात का ते बघा. जात असतील तर गादी त्या क्रिबच्या मापाची नाही. बाळ बसायला लागेल तेव्हा गादी एक खाच खाली घ्या आणि उभं राहायच्या आधी सगळ्यात खालच्या खाचेत. काढलेला बंपर दुसऱ्या कुणाच्या बाळाला देऊ नका. नाड्या कापून कपाटात कशाखाली तरी घालायला तो बरा आहे.