डूम नुसत्या रक्तामुळे गाजला का?

प्रश्न: मुलगा सध्या नवीन डूम खेळतोय, त्यावरून आमची जुंपली. मी म्हणतो रक्त दाखवलं म्हणून हा गेम चालला, तो म्हणतो टेक्निक भारी होतं. कोण बरोबर? आणि पहिला भाग म्हणे फुकट वाटला होता, मग कंपनीने कमावलं काय?

उत्तर: माझं मत मुलाच्या पारड्यात, पण अगदी शंभर टक्के नाही, कारण रक्त नसतं तर एवढी बोंबाबोंब झालीच नसती. टायमिंग बघा ना, ९ डिसेंबर १९९३ ला अमेरिकन सिनेटमध्ये हिंसक गेम्सवर सुनावणी आणि दुसऱ्याच दिवशी टेक्ससच्या इड सॉफ्टवेअर या कंपनीने डूम, म्हणजे राक्षसांवर गोळ्या झाडायचा हा गेम, रिलीज केला. जर्मनीने तर १९९४ मध्ये त्याला लहान मुलांपासून लांब ठेवायच्या यादीत टाकलं, ते थेट २०११ ला काढलं.

पण याच कंपनीचा वुल्फेन्स्टाइन थ्रीडी हा गेम १९९२ मध्ये येऊन गेला होता आणि त्यातही रक्त होतंच की. फरक पडला तो दुसरीकडे. तिथे सगळ्या भिंती एकाच उंचीच्या, कोपरे काटकोनातच, उजेड सगळीकडे सारखा. डूममध्ये जिने आले, तिरक्या भिंती आल्या, लुकलुकणारे दिवे आले, आणि हे सगळं तेव्हाच्या साध्या पीसीवर पळायचं. कंपनीचा प्रोग्रामर जॉन कार्मॅक, त्याची युक्ती अशी की नकाशाचे आधीच तुकडे पाडून ठेवायचे, म्हणजे तुम्ही जिथे उभे आहात तिथून कुठली भिंत जवळ, कुठली मागे लपलेली हे कॉम्प्युटरला पटकन कळतं आणि न दिसणाऱ्या गोष्टींची चित्रं काढत बसायची गरजच उरत नाही. तरी खरा थ्रीडी नाहीच हं तो! एका खोलीच्या वर दुसरी खोली बांधताच येत नाही, मान वर करून बघताही येत नाही, राक्षस उंचावर असला तरी गोळी आपोआप वर जाते.

आता पैशांचं. पहिला एपिसोड, म्हणजे नऊ लेव्हल, फुकट, कॉपी करा, मित्राला द्या, कोणी अडवणार नाही. चटक लागली की बाकीचे दोन एपिसोड हवेत तर कंपनीला फोन करून ४० डॉलरला मागवा. दुकानदाराचं कमिशन नाही, मधला कोणी नाही, पैसा सरळ घरात, मला तर ही आयडिया कार्मॅकच्या युक्तीइतकीच डोकेबाज वाटते. वर नेटवर्कवर चौघांनी एकमेकांना मारायची सोय, त्याला डेथमॅच हे नाव कंपनीच्याच जॉन रोमेरोने दिलं. सुरुवातीच्या व्हर्जनमध्ये गेमचा प्रत्येक मेसेज नेटवर्कवरच्या सगळ्याच मशिनना जायचा, मग चार जण खेळतायत आणि अख्ख्या ऑफिसचं काम रखडलंय, असा प्रकार. बंदी येणारच!

लेव्हल आणि चित्रं वॅड नावाच्या वेगळ्या फायलीत ठेवली होती, त्यामुळे लोक स्वतःच्या लेव्हल बनवायला लागले, आणि १९९७ ला कंपनीने सोर्स कोडही, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्राम, खुला केला. म्हणून तर हा गेम लोकांनी प्रिंटरच्या छोट्याशा स्क्रीनवरही चालवून दाखवलाय.

मुलाला एकदा १९९३ चा मूळ गेम लावून द्या आणि मेलेल्या राक्षसाभोवती फेरी मारायला सांगा. ते सपाट चित्र आहे, कुठूनही बघा, तोंड आपल्याकडेच.