सरकारी टपालाची कार्डं आणि पाकिटं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : व्हिक्टोरिया राणीचं पाव आण्याचं कोरं पोस्टकार्ड घेतलं. त्यावर काळ्या शाईत 'ऑन एच.एम.एस.' (ऑन हर मॅजेस्टीज सर्व्हिस, म्हणजे सरकारी काम) अशी छाप आहे. ती त्या काळची की कुणी मागाहून मारलेली, हे घरी ओळखता येईल का?

उत्तर : बऱ्याच अंशी येईल. पण कोरं कार्ड हे या कामातलं सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक. साधी कार्डं १ जुलै १८७९ला निघाली, लंडनच्या डी ला रू कंपनीनं छापलेली. सरकारी कामापुरती वेगळी कार्डं एप्रिल १८८०मध्ये आली. साधं कार्ड आजही सहज मिळतं, त्यामुळे त्यावर छाप मारून भाव वाढवायचा मोह होतो.

आधी दहापट भिंग घ्या. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छपाईत दाबामुळे शाई अक्षराच्या कडेला सरकते, त्यामुळे कड गडद आणि मधला भाग किंचित फिका दिसतो. खोलीत अंधार करून टॉर्च कार्डाच्या अगदी लगत आडवी धरा. अक्षरं कागदात थोडी रुतलेली दिसतात, कधी मागच्या बाजूलाही उठाव जाणवतो. लेझर प्रिंटरची छाप कागदावर चकचकीत थरासारखी बसते आणि अक्षरांभोवती काळे बारीक कण उडालेले असतात. इंकजेटची शाई तंतूंमध्ये पसरून कडा फाटतात. रबरी शिक्क्याला रुतण नसते.

अतिनील दिव्याचा सल्ला सगळेच देतात. त्याखाली कार्ड निळसर पांढरं चमकलं तर त्यात उजळवणारी रसायनं आहेत, म्हणजे कार्डच नवं आहे. पण ते चमकलं नाही, तर फक्त कागद जुना असावा एवढंच कळतं. अस्सल कार्डावरची खोटी छाप या परीक्षेत आरामात पास होते, आणि नवशिके नेमके इथेच फसतात.

उरतं मोजमाप. खात्रीचं वापरलेलं कार्ड आणि तुमचं कार्ड एकाच स्कॅनरवर ६०० डीपीआयला घ्या. छापेची एकूण लांबी, अक्षरांमधलं अंतर, पूर्णविरामांची जागा ताडून पाहा. छाप थोडी तिरकी किंवा वरखाली असली तरी बिघडत नाही, कार्ड यंत्रात सरकतं. अक्षरांमधलं अंतर मात्र बदलता कामा नये. जुनेच खिळे जुळवून कुणी छाप मारली असेल, तर भिंग उपयोगी पडत नाही. अशा वेळी तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राशिवाय मोठी रक्कम मोजू नका.

कार्ड वापरलेलं असतं, तर काम सोपं होतं. छाप आधी, पत्ता आणि टपालाचा शिक्का नंतर, हा क्रम. जिथे शिक्क्याची रेघ छापेवरून जाते ती जागा शोधा. शिक्क्याची शाई वर हवी. तीच छापेखाली गेली असेल, तर वापरलेल्या साध्या कार्डावर मागाहून छाप मारलेली आहे. काळ्यावर काळं असेल तर दहापट भिंग पुरत नाही, तीस-चाळीसपट लागतं. शिक्का छापेला शिवतच नसेल, तर पत्त्याची एखादी रेघ तरी शिवते का ते पाहा.

प्रश्न : पाव आण्याच्या सरकारी कार्डावर १९२५चा शिक्का आहे. विक्रेता म्हणतो दुर्मीळ आहे.

उत्तर : आधी विचारा, बाकीचे पैसे कुठे आहेत? पाव आणा म्हणजे एक पैसा, तीन पै. एप्रिल १९२२मध्ये कार्डाचा दर अर्धा आणा झाला. १९२५चं पाव आण्याचं कार्ड रीतसर गेलं असेल, तर त्यावर पाव आण्याचं जादा सर्व्हिस तिकीट, म्हणजे सरकारी टपालाचं तिकीट, हवं किंवा किंमत बदलल्याची छाप हवी. दोन्ही नसतील, तर कमी पैशांबद्दल दंड लावल्याची खूण शोधा. तीही नसेल, तर शिक्क्याकडे संशयानं पाहा. मागे-पुढे पोचल्याचा शिक्का असेल तर दोन्ही तारखा जुळवा, आणि मजकुरातली हातानं लिहिलेली तारीखही. खाली डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्या अधिकाऱ्याची सही आणि हुद्दा बहुधा असतो. तो नसेल आणि मजकूर घरगुती असेल, तर सरकारी कार्ड खासगी कामाला वापरलेलं असू शकतं. ते नियमाबाहेरचं होतं, संग्रहाला मात्र ते जास्त रंजक.

प्रश्न : ग्वाल्हेरच्या सरकारी तिकिटांवर 'सरसिव' असं का छापलं आहे? कार्डांवरही असं काही सापडतं का?

उत्तर : ब्रिटिश हिंदुस्थानशी टपाल करार असलेल्या संस्थानांत ग्वाल्हेर होतं. तिथे ब्रिटिश हिंदुस्थानचीच तिकिटं आणि कार्डं वरून छाप मारून चालत. सरकारी तिकिटांवर देवनागरीत 'गवालियर सरविस' असे. खिळे जुळवताना वेलांटीचा खिळा 'व'च्या आधी बसतो. शेवटचे दोन खिळे, 'व' आणि 'स', अदलाबदल झाले की वेलांटी जागेवरच राहते आणि 'सरसिव' तयार होतं. तिकिटांवर ही चूक नोंदलेली आहे. कार्डांवरच्या छापा याच नजरेनं तपासा : अक्षरांचा क्रम, तुटलेली मात्रा, बारीक-मोठा खिळा. या संस्थानांच्या बाबतीत कोऱ्या मालावर भाळू नका. संस्थानी सरकारी कार्ड खऱ्या कामासाठी गेलेलं मिळालं, तर डाग असला तरी तेच घ्या.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातलं एक सरकारी पाकीट आहे. पत्त्याच्या जागी कागदाची पट्टी चिकटवली आहे. ती सोडवून खालचा पत्ता पाहावा का?

उत्तर : मुळीच नको. कागदाच्या टंचाईत कचेऱ्या तेच पाकीट पुन्हा वापरत. जुन्या पत्त्यावर नवी पट्टी, म्हणजे इकॉनॉमी स्लिप, चिकटवून ते पुढे पाठवत. एकाच पाकिटाचे दोन प्रवास ही त्याची खरी किंमत, आणि पट्टी सोडवली की ती गेली. पाण्यात घातलं तर शिक्क्यांची शाई आणि शाईपेन्सिलीचा मजकूर उतरतो. वाफेनं डिंक पिवळा पसरतो. पाकीट एका बाजूनं उघडं असेल, तर आत दुधी पातळ प्लास्टिक सारा, मागून थंड एलईडी दिवा धरा आणि फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवा. खालचं गाव बहुधा वाचता येतं. पट्टीच्या कडेवर शिक्का अर्धा पट्टीवर, अर्धा पाकिटावर आला असेल, तर पट्टी मूळचीच असल्याचा तो उत्तम पुरावा.

प्रश्न : सरकारी कागदपत्रांतून आलेल्या पाकिटांना टाचण्या आणि दोऱ्याची भोकं आहेत. काय करावं?

उत्तर : भोकं राहू द्या, ती फायलीची खूण आहे. टाचणी मात्र काढा, गंज पसरतो. स्टेपल असेल तर ती ओढायची नाही. मागची दोन टोकं पातळ पात्यानं सरळ करा, मग पुढून सावकाश उचला. पावसाळ्यात हे काम नकोच, ओला कागद लगेच फाटतो. ठेवायला पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. मऊ पीव्हीसीतलं रसायन झिरपून छपाई चिकटते. जोडकार्ड, म्हणजे पत्र आणि उत्तर अशी दोन जोडलेली कार्डं असतील, तर घडीवर फाडू नका. आणि कार्ड-पाकिटावरच छापलेलं तिकीट कात्रीनं कापून अल्बममध्ये लावायची जुनी सवय असेल, तर ती सोडा. सही, हुद्दा, कचेरीचं नाव सगळं उरलेल्या भागातच असतं.