आजोबांचे काळे शाईपेन उकळत्या पाण्यात ठेवल्यावर तपकिरी झाले. आता पकडीने निब ओढून साफ करावी का?

निब ओढू नका, निदान आज तरी नाही. आपल्या वर्णनाप्रमाणे पेनाचा रंग शेवाळी-तपकिरी झाला आहे आणि शाई अजूनही उतरत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आता परत फिरणार नाही, दुसरी बहुधा सुटेल.

आपले पेन एबोनाइटचे असावे. भरपूर गंधक घालून रबर शिजवले की हा टणक काळा पदार्थ तयार होतो. उजेड आणि ओलावा यांमुळे त्याचा पृष्ठभाग वर्षानुवर्षे हळूहळू तपकिरी पडत जातो. गरम पाण्याने तेच काम काही मिनिटांत केले. ही घाण नसल्यामुळे धुऊन जाणार नाही. पॉलिश पेपरने वरचा थर खरवडल्यास काळा रंग वर येतो, परंतु दांडीवर कोरलेले कारखान्याचे नाव आणि नक्षीही त्याबरोबर झिजते. लातुरात ओळखीची माणसे जुनी पेने माझ्याकडे दुरुस्तीला आणतात, आणि असे खरवडून गुळगुळीत झालेले पेन हातात आले की मला फार वाईट वाटते, कारण तपकिरी पेनाची ओळख टिकून असते, नाव गेलेल्या पेनाची राहत नाही. माझे स्पष्ट मत आहे की रंग आहे तसाच राहू द्यावा.

घरच्या दुरुस्तीतील बहुतेक अपघात पेन कशाचे आहे हे न पाहता उष्णता किंवा स्पिरिट वापरल्यामुळे होतात, आणि ते ओळखायला नाक पुरते. कोरड्या अंगठ्याने दांडी जोराने घासून लगेच वास घ्यावा. गंधकाचा, जळक्या रबरासारखा वास आला तर एबोनाइट. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण ते बनवताना कापूरच वापरतात. काहीच वास आला नाही तर बहुधा ॲक्रिलिक किंवा साधे प्लास्टिक. सेल्युलॉइड भराभर पेट घेते, म्हणून घट्ट बसलेला सांधा सैल करण्यासाठी ते मेणबत्तीवर किंवा गॅसवर धरणे हा सरळ आगीशी खेळ आहे. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद मोटारीत राहिलेले सेल्युलॉइडचे पेन नुसत्या उन्हानेही वाकू शकते. ॲक्रिलिकला स्पिरिट लागले की बारीक भेगा पडतात, आणि नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन अनेक प्रकारचे प्लास्टिक विरघळवते. शाईचा डाग स्पिरिटने निघतो हे खरे असले, तरी ते उपाय फरशीसाठी ठेवावेत.

आता अडलेल्या शाईबद्दल. आपल्या भागातील हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की न वापरलेल्या पेनातील पाणी उडून जाते आणि रंगद्रव्य निबेखालच्या जिभेच्या, म्हणजे निबेपर्यंत शाई नेणाऱ्या पट्टीच्या, बारीक खाचांत सुकून बसते. त्यासाठी थंड पाणी पुरते, मात्र ते बोअरचे नसावे. मराठवाड्यात काळ्या पाषाणातून उपसलेले बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते, आणि त्यातील कॅल्शियमचा जो पांढरा थर बादलीच्या कडेला दिसतो तोच जिभेच्या खाचांतही बसतो. पिण्याच्या जारमधील आरओचे पाणी घ्यावे. एका छोट्या वाटीत निब बुडेल एवढेच पाणी घेऊन पुढचा भाग रात्रभर उभा ठेवावा. दांडी आणि टोपण पाण्यात टाकू नये, कारण एबोनाइट थंड पाण्यातही फार वेळ राहिले तर निस्तेज होते. सकाळी औषधाच्या दुकानात मिळणारी बिनसुईची सिरिंज मागच्या तोंडाशी धरून हलक्या दाबाने पाणी सोडावे. पाणी रंगीत येत आहे तोवर हे रोज करावे. आठवडा लागला तरी हरकत नाही. या पेनात पूर्वी चित्रकलेची काळी शाई भरली गेली असेल, तर मात्र तिच्यातील लाख पाण्याने सुटत नाही.

निबेबाबत दोन जुन्या सवयी विशेष घातक आहेत. एक म्हणजे मधल्या चिरेत दाढीचे ब्लेड घालणे. शाई केशाकर्षणाने चढते. टोकाशी चीर जास्त फाकली की शाई टोकापर्यंत पोहोचतच नाही आणि पेन पूर्वीपेक्षाही कोरडे चालते. दुसरी म्हणजे खरखरणारी निब शहाबादी फरशीवर घासणे. चांगल्या निबेच्या टोकाला कठीण मिश्रधातूचा इवलासा मणी असतो, त्याला आपण इरिडियम म्हणतो. तो झिजून गेला की घरी बसवता येत नाही. खरखर बहुतेक वेळा निबेची दोन पाती वरखाली झाल्याने येते. भिंगातून पाहावे आणि वर आलेले पाते नखाने अलगद खाली दाबावे.

पाण्याने काम झालेच नाही आणि निब काढावीच लागली, तर पकड वापरू नये. तिचे दात सोन्याच्या निबेवरही वळ उठवतात आणि जीभ मोडते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन निब आणि जीभ दोन्ही एकत्र धरावीत आणि न पिळता सरळ ओढावीत. ड्रॉपरने थेट दांडीत शाई भरायच्या जुन्या पेनांत ती केवळ दाबून बसवलेली असतात. एका वेळी निघाली नाहीत, तर पुन्हा रात्रभर भिजत ठेवावीत. परत बसवण्यापूर्वी त्यांची मूळ जागा कळावी म्हणून आधीच मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवावे. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावावे, व्हॅसलीन नव्हे, कारण पेनात कुठे रबरी पिशवी किंवा कडी असेल तर ती व्हॅसलीनने फुगून खराब होते. कोठलाही सांधा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडू नये; जुने कारागीर लाख वापरत, कारण ती पुढे थोड्या उबेने सोडवता येते.