नोकरी तुला लागली, गाव सगळ्यांचं सुटणार

आर्वी, जि. वर्धा
नवतप्याचा तिसरा दिवस

बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सिंगापूरची नोकरी पक्की झाली, ऑगस्टमध्ये निघायचं, सोबत पाच वर्षांची पोरगी आणि दीड वर्षाचा पोरगा. चौथीत माझ्या वर्गात खिडकीजवळ बसून गुणाकार चुकला की ओठ चावणारी तू मला अजून दिसतेस. फार आनंद झाला.

तुझ्या पत्रात अकरा प्रश्न आहेत, मी पेन्सिलीने खुणा करून मोजले. शाळा, घर, दवाखाना, भाजीपाला, सगळं आहे. जावईबापूंचं नाव मात्र एकदाच आलं, तेही सामानाच्या वजनाच्या हिशेबात. म्हणून तुझे प्रश्न जरा बाजूला ठेवते आणि आधी त्यांचं बोलते.

तू जाशील ते नोकरीच्या पासवर. ते आणि लेकरं येतील डिपेंडंट पासवर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबाला मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर. त्यासाठी तुझा ठरलेला मासिक पगार निदान ६,००० सिंगापूर डॉलर असावा लागतो, ते तुझ्या कंपनीने पाहिलंच असेल. आम्ही २०११ साली गेलो तेव्हा या पासवरच्या माणसाला नोकरी मिळाली तर एक संमतीपत्र घेऊन काम करता यायचं. मे २०२१ पासून ते बदललं. आता तिथे नोकरी करायची तर मालकाने त्यांच्यासाठी वेगळा वर्क पास काढावा लागतो, आणि त्याचे पगाराचे, शिक्षणाचे नियम वेगळे. ज्या माणसाने दहा वर्षं कृषी सेवा केंद्र चालवलं, ज्याच्या काउंटरवर पेरणीच्या दिवसांत अर्धा तालुका उभा असतो, तो माणूस सकाळी लेकराचा डबा भरून दार लावून घेईल आणि दुपारपर्यंत त्याला हाक मारणारं कोणी नसेल. हे त्यांना आज, इथे, दुकानाचं शटर वर असताना सांग. तिथे गेल्यावर त्यांना आपोआप कळू देऊ नकोस.

मी ते भोगलं आहे. जिल्हा परिषदेची नोकरी सोडून मी 'ह्यां'च्या मागे गेले. डिपेंडंटचा अर्थ शब्दकोशात आश्रित असा आहे, आणि पहिल्या महिन्यात तो शब्द मला ओळखपत्रावर रोज दिसायचा. पंधरा वर्षं स्वतःच्या पगाराची बाई मी, दुधाला पैसे मागताना घसा कोरडा पडायचा. 'ह्यां'ना त्याची जाणीवच नव्हती, मागितले की लगेच द्यायचे. पण मागावे लागत होते. तू पहिल्याच आठवड्यात दोघांच्या नावाने खातं उघड आणि त्यांचं कार्ड त्यांच्या खिशात असू दे. घरभाड्याच्या करारावर दोघांची नावं टाक. गावात कोणी म्हणेल, बायकोच्या पगारावर बसला. म्हणू दे. पण तुझ्या घरात तसं वाटायला जागा राहता कामा नये.

त्यांनी दिवसभर करायचं काय, याचा आधीच विचार करा. तिथली सार्वजनिक वाचनालयं फार चांगली आहेत. आत बसून वाचायला पैसे पडत नाहीत, लहान मुलांसाठी खाली बसायची जागा असते. मी दोन्ही लेकरांना घेऊन आठवड्यातून चार दिवस जायचे, आणि माझ्या पहिल्या मैत्रिणी मला तिथेच मिळाल्या. एक तामिळ, एक मलय. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो. पण मंडळ महिन्या-दोन महिन्यांनी भेटतं, शेजार रोजचा असतो.

आता कागद. इथे आपली खेड्याची माणसं अडकतात. माझ्या धाकट्याच्या जन्मदाखल्यावर माझं नाव माहेरचं लागलं होतं, पासपोर्टवर सासरचं, आणि पदवीवर पुन्हा माहेरचं. चूक आमचीच, नोंद करताना कोणी पाहिलं नाही. ती सरळ करायला दोन महिने गेले. तू आजच चौघांचे कागद चटईवर मांड आणि प्रत्येक नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकाखाली एक लिहून काढ. एक अक्षर इकडेतिकडे असलं तरी ग्रामपंचायतीत आत्ताच जा, विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेव. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. मोठीचा कधी संपतो ते पाहा, कारण पासची मुदत पासपोर्टच्या पुढे जात नाही.

लसीचं कार्ड त्याहून महत्त्वाचं. बाहेर जन्मलेल्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचा पास काढायचा तर घटसर्प आणि गोवर या दोन्हींच्या लसी झाल्याचा पुरावा अर्जाच्या आधी द्यावा लागतो. आपल्या अंगणवाडीतल्या कार्डावर नर्सबाईंनी निळ्या शाईने लिहिलेल्या तारखा असतात, अर्ध्या पाण्याने फिसकटलेल्या. आपल्याला त्या वाचता येतात, तिथल्या माणसाला येणार नाहीत. डॉक्टरकडून इंग्रजीत, तारखांसह, सही-शिक्क्यासह लिहून घे. धाकटा दीड वर्षाचा झाला म्हणजे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि घटसर्पाची लस ज्यात असते त्या डीपीटीचा बूस्टर याच दिवसांतले. निघायच्या गडबडीत ते राहू देऊ नकोस.

शाळेबद्दल तुझ्या मनात फार धाकधूक आहे. तिथे वर्ष जानेवारीत सुरू होतं, आणि मूल ज्या वर्षी सात पूर्ण करतं त्या वर्षाच्या जानेवारीत पहिलीत जातं. म्हणजे मोठीच्या हातात दीडेक वर्ष आहे, तोवर बालवाडीच. सरकारी शाळेत पहिलीचा प्रवेश आधी तिथल्या नागरिकांच्या आणि कायम रहिवाशांच्या मुलांना, आपल्यासारख्यांना शेवटच्या टप्प्यात, जागा उरली तर. दुसरीपासून पुढे इंग्रजी आणि गणिताची प्रवेशपरीक्षा असते. सीबीएसई शिकवणाऱ्या भारतीय शाळाही आहेत, पण त्यांची फी आधी नीट विचार. दोन-तीन वर्षांनी परत यायचं मनात असेल तर सीबीएसई, लांबचा मुक्काम असेल तर सरकारी शाळेसाठी प्रयत्न, असं माझं मत. आत्ताच ठरवून टाकू नकोस. पहिल्या सहा महिन्यांत घर कामाच्या जवळ घेण्यापेक्षा बालवाडीच्या जवळ घे. पोराला ताप आला की घ्यायला जायचं असतं, आणि तिथल्या बालवाड्यांत हात-पाय-तोंडाला फोड येणारा आजार सारखा फिरत असतो. तो झाला की आठवडाभर मूल घरी. डॉक्टरचं बिल परदेशी माणसाला सवलतीशिवाय भरावं लागतं, म्हणून कंपनीच्या विम्यात मुलांची साधी तपासणी धरली आहे का, ते सही करण्याआधी विचार.

घर बहुधा सरकारी इमारतीतलंच मिळेल, तिथली बहुतेक माणसं तशाच घरांत राहतात. परदेशी भाडेकरूंचा कोटा असतो, अनामत देण्याआधी एजंटला तेवढं विचार. आणि प्रत्येक खिडकीला जाळी आहे का, ते हाताने हलवून पाहा. आम्ही नवव्या मजल्यावर होतो. आपली लेकरं अंगणात वाढलेली, त्यांना उंची ठाऊक नसते. जाळी नसेल तर आधी बसवून घे, मग राहायला जा.

हवेबद्दल लिहितेस, 'आम्ही तर पंचेचाळीस डिग्रीत वाढलो.' खरं आहे, आज बाहेर कावळासुद्धा दिसत नाही. पण आपली उष्णता कोरडी. तिथे बत्तीस डिग्रीतच अंग चिकटून येतं, कारण हवाच पाण्याने भरलेली. आपला कूलर तिथे निकामी. घामोळ्या येतील, पिठाला आणि डाळींना बुरशी येईल, त्या फ्रिजमध्ये ठेव. सकाळी सात वाजेपर्यंत नीट उजाडत नाही आणि शाळेची बस त्याआधी येते. लेकरू अंधारात उठवायची तयारी ठेव.

सामानात सरगुंडे, मुगाच्या वड्या, ज्वारीचं थोडं पीठ घे, बाकी तिथल्या लिटल इंडिया भागात जवळपास सगळं मिळतं. एक गोष्ट मात्र कटाक्षाने. खसखस नेऊ नकोस. तिथे तिच्यावर बंदी आहे, अफूच्या झाडाचं बी म्हणून ती अमली पदार्थांच्या खात्यात मोडते. आमच्या सासूबाईंनी दिवाळीसाठी अनारश्यांचं पीठ बांधून दिलं होतं आणि त्याच्या पोटात एवढीशी पुडी. नागपूरच्या वाटेवर गाडीत मला आठवलं. रस्त्याकडेला गाडी थांबवून, पिशवी उघडून, पुडी शोधली आणि बाभळीच्या बुडाशी रिकामी केली. घरच्या काळ्या मसाल्यातही खसखस असते, तोही पाहून घे. आणि काका-मामांपैकी कोणी भेटायला आलं तर खिशात खर्रा नको. तोंडात चघळायच्या तंबाखूलाही तिथे बंदी आहे.

आता जे सांगायला मी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, ते सांगते.

माझा मोठा चार वर्षांचा होता. इथे दिवसभर बडबड, तिथल्या बालवाडीत गेला आणि गप्प झाला. एक महिना, दोन महिने, तीन महिने. तिथल्या शिक्षिका प्रेमळ होत्या. त्यांनी सांगितलं, घरी पण इंग्रजीच बोला, लवकर शिकेल. मी स्वतः शिक्षिका, पण परक्या मुलखात आपल्याला सगळे आपल्याहून शहाणे वाटतात. मी घरातलं मराठी बंद केलं. जेवताना इंग्रजी, न्हाऊ घालताना इंग्रजी. माझं इंग्रजी केवढं? 'खा', 'झोप', 'असं करू नको' एवढंच. त्याच्याशी बोलायला माझ्याजवळ दुसरं काही उरलंच नाही.

सहाएक महिन्यांनी आजीचा व्हिडिओ कॉल आला. त्या म्हणाल्या, "काऊन रे बाप्पू, मले ओळखत नाही काय?" त्याने माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, आजी काय म्हणते आहे? पलीकडे त्यांना शब्द कळला नाही, पण अर्थ कळला. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि फोन 'ह्यां'च्या बाबांच्या हातात दिला.

त्या रात्री मी ठरवलं. घरात वऱ्हाडीच बोलायची, आणि रोज एका ठरल्या वेळी आजीचा फोन. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. तिथे नऊ वाजता लेकरं झोपायला टेकतात तेव्हा इथे साडेसहा, दिवेलागणीची वेळ, गुरं परत येऊन गोठ्यात बांधलेली असतात. आजी फोन घेऊन गोठ्यात जायच्या. वीज नसली तर कंदिलाच्या उजेडात. आधी तो नुसता बघत राहायचा. तीनेक आठवड्यांनी एकदा पडद्याला नाक लावून म्हणाला, "कालवडीले नाव काय ठेवलं?" त्या 'ले'वर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आणि बालवाडीतलं इंग्रजी? ते त्याच सुमारास आपोआप आलं. नवी भाषा कानावर पडते तेव्हा मूल काही महिने नुसतं ऐकतं. शाळेतल्या गप्प राहण्याला भिऊ नकोस. घरी आल्यावर बोलतं ना, तेवढं पाहा. घरीही बोलणं थांबलं तर मात्र वाट पाहत बसू नकोस. आणि तुझ्या मुलीला शाळा मराठी देणार नाही, हे धरूनच चाल. तिथल्या सरकारी शाळांत मातृभाषा म्हणून तामिळ, हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू घेता येते, मराठी नाही. ती तुमच्या चार भिंतींत राहिली तरच राहील, आणि दिवसभर लेकरांजवळ असणारे तर जावईबापू आहेत.

आजी-आजोबांना व्हिसावर बोलावता येतं, पण एका वेळी साधारण महिनाभरच राहता येतं. त्यांना लांब मुदतीचा पास हवा असेल तर तुझा पगार निदान १२,००० डॉलर असावा लागतो. त्यामुळे तुझ्या आईने 'मी येते ना लेकरं सांभाळायला' म्हटलं आहे, त्यावर घर उभं करू नकोस. त्यांना फोन नीट लावता-उचलता येईल असं निघण्याआधी शिकवून जा, ते जास्त उपयोगी पडेल.

पुढे कधी कायम रहिवासाचा विचार आला तर पोराचं नाव अर्जात टाकण्याआधी दहादा बोला. तसा रहिवासी झालेल्या मुलाला अठराव्या वर्षी दोन वर्षं तिथली लष्करी सेवा करावी लागते. आणि शेत विकून टाकावं का, असं तू विचारलंस. नाही. अनिवासी झाल्यावर वडिलोपार्जित जमीन ठेवता येते, पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. विकलेलं एकर परत मिळणार नाही.

निघण्याआधी एक रविवार इकडे ये. मृग लागल्यावर ये, तोवर ऊन उतरेल. लसीची कार्डं आणि जन्मदाखले आण, मी स्वतः एकदा नजरेखालून घालते. जावईबापूंना नक्की आण. पेरणीचे दिवस आहेत, दुकान सोडवत नाही असं म्हणतील, तरी आण. लेकरं गोठ्यात खेळतील. आम्ही दोघं त्यांच्याशी बसून बोलू.

तुझ्या
बाई