स्नो बाईक चालवता येते, मग गाइड कशाला?

तुम्ही विचारलंय की गुलमर्गला स्नो बाईक (बर्फावर पट्ट्यावर चालणारी गाडी) घेऊन वर डोंगरात जायचंय, दहा वर्षं बुलेट चालवलीय, तर गाइडचे पैसे वाचवावेत का. अजिबात वाचवू नका. हॉटेल स्वस्तातलं घ्या, शाली दोन कमी आणा. आमच्या भावजींनी हाच प्रश्न इंदूरला, रामबागेतल्या घरी पोहे खाता खाता विचारला होता, म्हणून आवर्जून लिहितेय.

गाइड मीच ठरवला होता. फेब्रुवारीअखेर, रात्रभर बर्फ पडून सकाळी लख्ख ऊन. तो आम्हाला झाडांच्या कडेकडेने नेत होता. एका वळणावर कोरा करकरीत उतार दिसला आणि भावजींनी हट्ट धरला, गाडी इथूनच चढवायची. गाइड खाली उतरला, आडोशाला फावड्याने कमरेइतका खड्डा खणला आणि मला बोलावलं. वरचा बर्फ मुठीत दाबला की लाडू वळत होता. तळाचा मात्र जाड साखरेसारखा, हातमोज्यावरून भुरभुर घरंगळला. "भाभी, ऊपर का सारा वज़न इसी पर टिका है," एवढंच म्हणाला. म्हणजे आपलं वजन पडलं की वरचा थर घसरू शकतो. भावजी पैसे कापीन म्हणाले, तरी तो हलला नाही.

परतीच्या वाटेवर भावजींची गाडी रुतली. तिचा थ्रॉटल अंगठ्याने दाबायचा असतो. यांनी तो दाबूनच धरला, पट्टा आणखी खोल गेला. दोनशे किलोंच्या वरचं धूड! गाइडने इंजिन बंद करायला लावलं, गाडी कुशीवर कलती करून खालचा खड्डा भरला, पुढचा बर्फ बुटांनी तुडवून घट्ट केला. पाऊण तासाने निघाली.

भावजी आजही म्हणतात, "उतार कुठे कोसळला?" अहो, हिमस्खलनात माणूस सापडतो तेव्हा दहांतल्या नऊ वेळा ते त्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्यांच्याच वजनाने सुटतं. आपण गेलो नाही म्हणून ते जागेवर राहिलं असेल, हे त्यांना पटत नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सगळ्यांत वाईट, आणि आपल्याला माळव्यात राहून तो कोन नजरेने कळत नाही.

हां, खालच्या मैदानातच चक्कर मारायची असेल तर गाइड नको, गाडीवाला सोबत असतोच. आणि गाइड म्हणजे हमी नव्हे. 2023 च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्याच अफरवट डोंगरावर दोन परदेशी स्कीअर हिमस्खलनात गेले. शिवाय गाइड म्हणवणारा प्रत्येक जण गाइड नसतो. बीकन (गाडलेला माणूस कुठे आहे ते कळवणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं सोबत आहे का ते बघा, तुम्हालाही बीकन देतो का आणि वापरायला शिकवतो का ते विचारा. गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा वाचतो, आणि तेवढ्या वेळात खालून कोणी पोचत नाही.