तीन एमआरआय नॉर्मल, मग फिट येते कुठून?

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, सहाव्या वर्षापासून फिट्स येतात. तीन गोळ्या चालू आहेत तरी आठवड्यातून दोनदा तरी झोपेत डावा हात आखडतो. एमआरआय तीनदा झाला, तिन्ही नॉर्मल. भाचा म्हणतो लंडनच्या लोकांनी एआय काढलाय, डॉक्टरांना न दिसलेलं तो शोधतो. आमच्या फिल्म्स तिकडे पाठवता येतील का? — एक आई, सांगली

उत्तर : ताई, भाचा खरं सांगतोय, फक्त अर्धंच सांगतोय. त्या प्रोग्रॅमचं नाव मेल्ड ग्राफ, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज आणि किंग्ज कॉलेजच्या लोकांनी केलाय, २०२५ मध्ये त्यावर रिसर्च पेपर आला. तो एकच गोष्ट शोधतो, फोकल कॉर्टिकल डिस्प्लेजिया, म्हणजे बाळ पोटात असतानाच मेंदूच्या वरच्या थरातल्या पेशी एखाद्या जागी नीट रचल्या जात नाहीत. भिंतीचं प्लास्टर एका कोपऱ्यात जरा जाड पडावं तसं. आता हा थर मुळात दोन ते चार मिलीमीटरचा, त्यात घड्याच घड्या, आणि गडबड नेमकी एखाद्या घडीच्या तळाशी लपलेली, त्यामुळे चांगल्या रेडिओलॉजिस्टच्याही, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरच्याही, नजरेतून ती सुटते, यात कोणाचा हलगर्जीपणा असतोच असं नाही.

प्रोग्रॅम काय करतो तर मेंदूचा पृष्ठभाग कॉम्प्युटरवर उलगडतो, एकेका बाजूला दीड लाखाच्या वर बिंदू धरतो आणि प्रत्येक बिंदूपाशी थर किती जाड, घडी किती खोल, वरचा करडा आणि आतला पांढरा भाग यांच्यातली सीमा स्पष्ट दिसते की पुसट झालीय, हे मोजतो. इटलीत १२ वर्षांच्या एका मुलाला नऊ औषधं देऊन झाली होती, तरी रोज फिट्स, त्याच्या स्कॅनमधली सुटलेली बारीक जागा यानेच दाखवली. आधी न दिसलेल्या अशा जागांपैकी ६४ टक्के त्याने पकडल्या. बातमीत एवढंच येतं.

बातमीत न येणारं आता ऐका. ज्यांच्यावर ही टेस्ट झाली त्या पेशंटना हा डिस्प्लेजिया आहे हे आधीच ठरलेलं होतं. तुमच्या मुलाला तो असेलच असं नाही, त्यामुळे ६४ टक्के चान्स आहे असा हिशोब मांडू नका. दुसरं म्हणजे निरोगी लोकांचे स्कॅन दिले तर १०० पैकी साधारण ४० जणांतही त्याने कुठेतरी खूण केली. म्हणून खूण दिसली की लगेच ऑपरेशन असं कोणी करत नाही, रेडिओलॉजिस्ट तिथे परत बारकाईने बघतात, व्हिडिओ ईईजीत (म्हणजे मेंदूच्या विजेच्या लहरींची नोंद आणि सोबत पेशंटचा व्हिडिओ) फिट त्याच बाजूने सुरू होते का ते जुळवतात. डावा हात आखडतो म्हणता ना, डावा हात मेंदूची उजवी बाजू चालवते, मग उजव्या बाजूला काही सापडलं तर ते पटण्यासारखं, डावीकडे सापडलं तर मी तरी आधी शंकाच घेईन.

फिल्म्सचा मात्र उपयोग नाही. मोठ्या पिवळ्या पाकिटातली ती काळी शीट खिडकीशी धरून बघायला ठीक, प्रोग्रॅमला सीडी लागते, आणि तीही एक मिलीमीटरच्या थ्री-डी स्लाइसेस असलेली. साध्या ब्रेन एमआरआयमध्ये बऱ्याचदा चार-पाच मिलीमीटरच्या जाड स्लाइसेस घेतात, मग मधलं काय ते मधेच राहतं. सेंटरवर जाऊन विचारा, 'एपिलेप्सी प्रोटोकॉलने केला होता का, थ्री-डी टी-वन आणि थ्री-डी फ्लेअर आहे का' (म्हणजे एपिलेप्सीसाठी, फिट्सच्या आजारासाठी, ठरवलेल्या खास पद्धतीचा एमआरआय, आणि त्यातले बारीक स्लाइसेसचे दोन प्रकारचे स्कॅन). नसेल तर एआयच्या आधी तोच एमआरआय नीट करून घ्या. आणि प्रोग्रॅम फुकट असला तरी रिसर्चसाठी आहे, घरी लॅपटॉपवर चालवायचा खेळ नाही.

दोन योग्य औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट्स थांबत नसतील तर पेशंटला एपिलेप्सी सर्जरीच्या सेंटरला दाखवावं असं जगभरचे न्यूरोलॉजिस्ट सांगतात, तुमच्या तर तीन चालू आहेत. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये १९९५ पासून अशी ऑपरेशनं होतात. जाताना सगळ्या सीडी न्या, फिट आल्यावर मोबाईलवर काढलेला व्हिडिओ न्या, आणि गोळ्या स्वतःहून एक दिवसही बंद करू नका.

प्रश्न : एमआरआयचा फोटो चॅटबॉटला टाकून विचारलं तर? — एक वाचक, पुणे

उत्तर : नको हो. शेकडो स्लाइसेसपैकी एकीचा फोटो, तोही ट्यूबलाइटच्या चकाकीसकट, त्यात मलाही काही दिसणार नाही.